जागलीसाठी जाझ

माझ्या दुकानात येणारा माणूस दोनच गोष्टी बोलतो. "मास्तर, डिस्प्ले गेला," किंवा "मास्तर, कार्ड भरून द्या, मनानं." या 'मनानं'चा मला भयंकर राग येतो. मनानं म्हणजे माझ्या मनानं नव्हेच. मनानं म्हणजे गेल्या वेळी भरली होती तीच गाणी, फक्त थोडी जास्त.

सौंदडला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. आता फोन सगळ्यांकडे आहेत, तरी मेमरी कार्ड भरून घेणारे अजून येतात, कारण ट्रॅक्टरवर आणि शेतात वाजणाऱ्या स्पीकरच्या डब्याला कार्डच लागतं. दुकानाआधी मी गोंदियात एका धुमाल पार्टीत कॅसिओ वाजवायचो. गाडीवर भोंगे, गाडीपुढे ढोल-ताशे, मधे कॅसिओवाला आणि चहूकडे नाचणारी वरात, असा तो प्रकार. 'मास्तर' हे नाव तेव्हाचं. त्या कॅसिओवर डेमोचं एक बटण होतं. दाबलं की कंपनीनं आत भरून ठेवलेला एक तुकडा आपोआप वाजायचा. त्यात कोणी गात नव्हतं. ड्रम एकीकडे जायचे, बास दुसरीकडे, सगळे भांडल्यासारखे पांगायचे आणि अचानक एकाच जागी येऊन भेटायचे. वरात जेवायला बसली की मी तेच बटण दाबत उभा असायचो. पार्टीचा मालक नंदलाल ओरडायचा, "अबे, बंद कर ये मशीन का पेटदर्द!" पुढे नेट आलं तेव्हा कळलं की याला जाझ फ्यूजन म्हणतात आणि जगात याचे ढिगानं अल्बम आहेत. तेव्हापासून मी जो बिघडलो तो बिघडलोच.

बिघडलेल्याला सोबत लागते. म्हणून मी प्रत्येकाच्या कार्डात, लग्नाच्या गाण्यांच्या मधेच, असा एक तुकडा गुपचूप सरकवायचो. एखाद्याला तरी आवडेल आणि तो परत येऊन विचारेल, ही माझी खुळी आशा. लोक परत यायचे, पण भांडायला. सुशिलाबाई म्हणाल्या, कार्डात व्हायरस आहे, नातवाच्या बारशात मधेच भांडी पडल्यासारखा आवाज आला. माझी बायको समीक्षा तर रोज टोमणे मारायची. "लोकायच्या बारशात कायले नाक खुपसता? तुमचं थे तुमीच आयका."

उदेभान कोरेटी भांडायला आला नव्हता. तो आला आणि स्टूल सोडून उंबऱ्याशी उकिडवा बसला. बारीक, काटक माणूस. उन्हाळ्यात नागझिऱ्याच्या जंगलात वणवा अडवणाऱ्या जाळरेषा कापायच्या कामाला जायचा, म्हणून अंगात जंगलखात्याचं जुनं खाकी जॅकेट. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाला, "मास्तर, त्या कार्डात एक बिगर गान्याचं होतं. थे काय होय?"

मी सावध झालो. म्हटलं, "काऊन? बिघडलं का काई?"

"नाई. डुकरं पळाली."

त्याचा टोला, म्हणजे वस्ती, जंगलाला अगदी लागून आहे. धानाच्या चार बांध्या, म्हणजे बांधांनी आखलेली लहान शेतं, दोन बाजूंनी जंगल. रानडुकरांचा कळप रोज उतरायचा. उदेभाननं धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जुनी लुगडी बांधून झाली, विजेच्या झटक्याची तार लावून झाली, बाजारात मिळतो तो वाघाच्या डरकाळीचा आवाज वाजवून झाला. कळपात एक म्हातारी मादी होती, तिला तो 'बुढी' म्हणायचा. बुढीनं तारेखालून उकरून वाट केली आणि वाघाच्या आवाजाला तर ती आता मानही वर करत नव्हती. मग त्यानं जागलीला, रात्रीच्या राखणीला, सोबत म्हणून गाण्यांचा डबा नेला. वरातीच्या गाण्यावर डुकरं निवांत चरत होती. मधे माझा तुकडा लागला, ड्रमवाल्यानं भलत्याच जागी घाव घातला आणि सगळा कळप शेपट्या वर करून पळाला.

"थ्या जातीचं जेवढं असन तेवढं द्या," तो म्हणाला.

इतकी वर्षं मी श्रोता मागत होतो. मिळाला तो रानडुकरांचा कळप. मला हसावं की रडावं कळेना, पण उदेभान हसत नव्हता. तेव्हा त्यानं मला धानाचं सांगितलं. चारपैकी तीन बांध्यांत सगळे लावतात तेच धान होतं. चौथी, सगळ्यात लहान, जंगलाच्या अंगाची. तिच्यात त्याच्या बापाचं धान. त्याला तो लुचई म्हणायचा, पण टरफलाला काळी कड असलेली ती लुचई मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. त्याच्या घरी नवं खाताना देवांना पहिला घास याच तांदळाचा जायचा, बापाच्याही बापापासून. गेल्या साली डुकरांनी ती बांधी लोळवली आणि हाती गाठोडंभर बी उरलं. ते सगळंच्या सगळं त्यानं यंदा पेरलं होतं.

"सगळं काऊन पेरलं? थोडं ठेवाचं होतं ना."

"मूठभर ठेवून का करू? उंदरायले चारू?" तो म्हणाला. "भरपाई पैशाची भेटते, मास्तर. बियाची नाई भेटत. आता गेलं तं आमच्या घरून गेलंच."

मी त्याला पहिला अल्बम दिला तो पिवळ्या मोटारीचा. म्हणजे कव्हरवर पावसात भिजणारी पिवळी मोटार आहे. त्यात ट्रम्पेट आणि गिटार एकमेकांवर नुसते भुंकतात. सकाळी उदेभान हजर. "बेस होता. बुढी धुऱ्याच्या वरतं नाई आली." मला इतका आनंद झाला की मी त्याला चहा पाजला. धान नुकतं निसवत होतं, लोंब्या बाहेर पडत होत्या आणि आमचं दोघांचं बरं चाललं होतं.

पण बुढी काही साधी नव्हती. आठवडाभरात तिला पिवळी मोटार पाठ झाली. कुठे घाव बसणार, कुठे थांबणार, हे तिला कळायला लागलं असावं. उदेभान म्हणाला, "आता थे उभी राहून आयकते अन् मंग खाते." मग मी उलट्या खुर्चीचा दिला. त्यात दोन ड्रमवाले आहेत आणि ताल सात आणि अकरा मात्रांचे. उलटी खुर्ची थोडी जास्त टिकली. एका म्हाताऱ्या डुकरिणीनं माझ्या आवडत्या अल्बमांना असं एकेक करून नापास करावं याचा मला संताप यायचा. मी समीक्षाला तसं बोललो तर ती म्हणाली, "निदान थे आयकते तरी."

एक दिवस उदेभान कार्ड बदलायला आला आणि उठेचना. जरा वेळानं म्हणाला, "मास्तर, थो जाड तारवाला कोन होय?"

"बासवाला?"

"थोच. बाकीचे भांडतात. थो आपला चालून राहतो, जंगलात मानूस चालते तसा. पिवळ्या मोटारीत बी थोच होता का?"

तोच होता. मी दुकान अर्धं बंद केलं, त्याला आत बसवलं आणि फोनवर त्या बासवाल्याचे फोटो, कव्हरं, जे जे होतं ते सगळं दाखवलं. उदेभान प्रत्येक कव्हर निरखून बघायचा आणि नाकातल्या नाकात हसायचा. त्या दिवसापासून तो दोन प्रकारे सांगायला लागला. आधी डुकरांना काय वाटलं, मग त्याला काय वाटलं. कितीदा तरी ते उलटंच निघायचं. डुकरं पळवणारा त्याला कंटाळवाणा वाटायचा आणि त्याला आवडलेल्यावर डुकरं यायची.

तसंच निळ्या शिडीला झालं. तो अल्बम सगळा दणदणाट आहे, पण मधे एक संथ तुकडा आहे. बुढी त्या तुकड्याची वाट पाहत थांबली. तो लागला आणि कळप लहान बांधीत घुसला. उदेभान काठी घेऊन धावला तोवर धुऱ्याकडचा एक कोपरा सपाट झाला होता. लोंब्या दुधात होत्या, दाणा अजून भरला नव्हता. सकाळी तो आला तेव्हा त्याच्या हाताला तारेनं फाडलं होतं आणि आवाज बसला होता. "मास्तर, आता कोपरा गेला. उद्या सगळं जाईन. काई तरी करा ना जी."

मी कात्री चालवायला लागलो. प्रत्येक अल्बममधले संथ तुकडे काढून टाकायचे, मधल्या शांत जागा उडवायच्या, नुसता मारा तेवढा ठेवायचा. ज्यांनी हे बनवलं त्यांनी पाहिलं असतं तर मला जोड्यानं मारलं असतं. मला स्वतःलाच लाज वाटायची, पण बांधी वाचत होती. कापलेला माल चार-पाच दिवस चालायचा, मग पुन्हा नवा. मी शोधून शोधून आणखी कर्कश, आणखी वेडंवाकडं काढायला लागलो. जे मला स्वतःला ऐकवत नव्हतं तेही दिलं. माझ्याकडचा साठा संपत आला आणि धान अजून हिरवंच होतं.

उदेभानचे डोळे खोल गेले होते. एकुलती मुलगी लग्न होऊन गेलेली, घरात तो आणि बायको धनवंता. ती दिवसभर दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जायची, म्हणून रात्रीची जागल तो तिला करू द्यायचा नाही. एकदा धनवंता स्वतः दुकानात आली. उभ्या उभ्याच बोलली.

"मास्तर, डुकरं जाऊ द्या. तुमच्या बाजानं हाच पागल होऊन राहिला. जेवता जेवता ताटावर बोटं वाजवते. म्या म्हटलं झोप, तं म्हनते, हे होऊ दे."

"वहिनी, धान निघेपर्यंतच. मग बंद."

"धान निघाले तरी पाहिजे ना," ती म्हणाली. मग खाली बघून म्हणाली, "याच्या बापानं जाता जाता मलेच सांगतलं होतं. बी सांभाळजो म्हनून. याले नाई सांगतलं, मले सांगतलं."

ती गेली. कोणाच्या घरचे देव उपाशी राहायची वेळ माझ्या गाण्यांच्या साठ्यावर येऊन ठेपावी, हे काय भलतंच झालं, म्हणून मला घाबरायला झालं होतं.

आणि त्याच आठवड्यात उदेभाननं मला पकडलं. "मास्तर, तुमी यातलं काई कापून राहिले का?"

मी समोरचा फोन उघडायला घेतला.

"अचानक संपते. जसं जेवता जेवता हात धरून उठवलं. थो जाड तारवाला काई बोलाले लागते अन् गायब. मले पूरा पाहिजे."

"पूरा दिला तं डुकरं येतीन."

"माहीत आहे."

"मंग धान घरी येऊ दे. मंग पूरा देतो. सगळे देतो."

तो कबूल झाला, पण लहान मुलासारखा हिरमुसला. मी त्याला फोनवर एक कव्हर दाखवलं. बर्फात उभं असलेलं एकटं झाड. त्या बासवाल्याचा हा सगळ्यात शांत अल्बम. यातलं शेवटचं तर बहुतेक तो एकटाच वाजवतो, मधे मधे पियानोचा एखादा सूर. मी म्हटलं, "हा तुझा. धान निघालं की." तो त्या झाडाकडे बघत राहिला. असं झाड मी त्यालाच दाखवणार होतो, दुसरं कोण होतं माझं ऐकणारं?

पुढचे दिवस कसे गेले ते त्याचं त्याला ठाऊक. शेवटी शेवटी मी जुनेच तुकडे उलटसुलट जोडून देत होतो, सुरुवात याची, मधलं त्याचं. बुढी कधी फसायची, कधी नाही. उदेभान ओरडून ओरडून तिला हाकलायचा. धान पिवळं झालं. आणि एका दुपारी तो कमरेला इळा खोचलेलाच दुकानात आला. इतक्या दिवसांत त्याचे सगळे दात मी पहिल्यांदा पाहिले.

"कापलं, मास्तर! लहान बांधी पूरी कापली!"

"घरी आलं?"

"कडपा पडल्या आहेत. दोन ऊन खाल्ले का भारे बांधून आनतो."

कडपा म्हणजे कापून बांधीतच आडवं पसरलेलं धान. ते वाळावं लागतं, मग बांधून घरी. आमच्याकडे उभं धान आडवं झालं की माणूसही आडवा होतो. कापलेल्या धानाला डुक्कर फारसं लागत नाही, असं मी लहानपणापासून ऐकत आलोय. कोणी पडताळून पाहिलंय का, तर नाही. सगळे म्हणतात म्हणून सगळे म्हणतात. उदेभानही तेच म्हणाला, मीही मान हलवली. आम्हां दोघांनाही तेच हवं होतं. तो म्हणाला, "जागलीले तं जातोच. पन आज पूरा द्या." मी बर्फातलं झाड कार्डात भरलं, एक सेकंदही न कापता. देताना मी फार खूश होतो.

सकाळी धनवंताचा फोन आला. "मास्तर, या," एवढंच म्हणाली.

मोटारसायकल टोल्यावर ठेवून मी धुऱ्यावरून चालत गेलो. मोठ्या बांध्यांतलं धान उभंच होतं, त्याला फारसं काही झालं नव्हतं. लहान बांधीत काहीच ओळखू येत नव्हतं. कडपा चघळून, तुडवून, ओल्या मातीत कालवून टाकल्या होत्या. तणसाचे, म्हणजे पेंढ्याचे, लगदे पडले होते. धनवंता पदर खोचून गुडघ्यांवर बसली होती आणि चिखलातून एकेक दाणा वेचत होती. उदेभान धुऱ्यावर उकिडवा बसला होता. त्याचे हात मोकळे होते. डबा त्याच्या बाजूला बंद पडला होता.

मी त्याच्याजवळ बसलो. म्हटलं, "झोप लागली का तुले?"

त्यानं धनवंताकडे पाहिलं. ती लांब होती, पाठमोरी. मग तो अगदी खालच्या आवाजात बोलला.

"नाई लागली, मास्तर."

मी त्याच्याकडे बघितलं.

"थे शेवटचं सुरू होतं. थो एकटाच बोलून राहिला होता. तवाच खसखस आयकू आली. मले समजलं, बुढी आली. काठी हातातच होती." त्यानं आपले हात उलटे करून पाहिले. "मी म्हटलं, एवढं होऊन जाऊ दे. मंग उठतो."

"मंग?"

"मंग थे लांबलं."

मला माहीत होतं ते किती लांबतं. संपलं संपलं वाटतं, आणि तो पुन्हा एक तार छेडतो. तिथेच तर खरी गंमत आहे, असं मीच इतकी वर्षं मनातल्या मनात कोणाला तरी सांगत आलो होतो. शेवटपर्यंत ऐकणारा एक माणूस मी जन्मभर मागितला. तो माझ्या शेजारी बसला होता आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. रडू आलं ते मी आवरलं नाही.

धनवंता उठून आली. पदरात वेचलेले दाणे होते, वाटीचा तळ झाकेल न झाकेल एवढे. काळी कड दिसत होती, पण बरेच दबलेले, काही दातांनी फुटलेले. तिनं ते माझ्यापुढे धरले. "पाहा बरं मास्तर, यातलं उगवन का काई?" मी दोन-तीन दाणे नखानं दाबून पाहिले. आतून चिखलाचं पाणी आलं. मी ते परत तिच्या पदरात ठेवले आणि तिला समजलं.

मग ती माझ्याकडे वाकून हळूच म्हणाली, "त्याले काई नोका बोलू. महिनाभर डोळ्याले डोळा नाई लागला त्याच्या. झोप लागली असन. मानूसच होय."

उदेभान माझ्याकडे बघत होता.

"हाव, वहिनी," मी म्हणालो. "झोपच लागली."

उदेभान धुऱ्यावरून खाली उतरला, बांधीत गुडघ्यांवर बसला आणि चिखलात बोटं घालून दाणे शोधायला लागला.